रिमोट दाबला, पहिला फोटो आला, पुढचे आलेच नाहीत

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला पंचवटीतल्या आजोळच्या वाड्यात आम्ही एकतीस जण जमलो होतो. औक्षण आटोपलं, ८१ दिव्यांचं तबक बाजूला ठेवलं आणि मामा म्हणाले, "आता सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे. आणि तूही त्यात पाहिजेस. दर वेळी कॅमेऱ्यामागेच राहतेस." चौकात ट्रायपॉड लावला. टायमर दहा सेकंद, फोटोंची संख्या नऊ. एकतीस माणसांत कुणाचे तरी डोळे मिटणारच, म्हणून नऊ. बटण दाबलं आणि धावत जाऊन आजीच्या पाटाशी बसले. कॅमेऱ्यावरचा दिवा लुकलुकला, शेवटचे दोन सेकंद स्थिर झाला, फ्लॅश पडला. आम्ही सगळे हसरे चेहरे धरून बसलो आणि कॅमेरा गप्प.

"झाले का गं नऊ?" मामींनी ओठ न हलवता विचारलं.

झाला होता एक. त्यात आजीचे डोळे मिटलेले.

परत तेच केलं, परत एकच. मग मावसभावाने त्याचा छोटा रिमोट आणला. तो एकदा चालला. उठून पळालेली पोरं पुन्हा जागेवर बसवेपर्यंत तोही बंद पडला. तोवर आजीची पाठ धरली होती, ती उठून आत गेली. जळगावची मावशी रात्रीच्या गाडीने निघाली, पुण्याची मंडळी पहाटे. त्या दिवसाचे तीन फोटो माझ्याकडे आहेत आणि एकातही आजीचे डोळे उघडे नाहीत.

कॅमेऱ्यात काहीही बिघाड नव्हता. रिमोटमध्येही नव्हता. टायमरचे दोन फोटो एका कारणाने अडले आणि रिमोट दुसऱ्याच कारणाने. दोन्ही कारणं कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत छापलेली होती, मी वाचलेली नव्हती. तेव्हापासून घरचे समारंभ असोत की रात्रीचं आकाश, टायमर आणि रिमोट हाच माझा नाद झाला आहे. ओळखीतल्या कुणाचा फोन आला की तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत असते: पहिला आला, पुढचे आले नाहीत. म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी ठरवा, अडतंय कुठे

नवा रिमोट विकत घ्यायच्या आधी एवढं करा. लेन्सवरची फोकसची कळ 'एम' वर सरकवा आणि पुन्हा रिमोट दाबा. शटर पडलं, तर रिमोट ठणठणीत आहे, कॅमेरा फोकससाठी अडून बसला होता. नाही पडलं, तर मोड साध्या एकेरी शॉटवर आणा आणि कॅमेऱ्याचंच बटण दाबा. आता फोटो आला, तर रिमोटचा निरोप कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीये. आणि कॅमेऱ्याच्या बटणानेही काही झालं नाही, तर कॅमेरा दुसऱ्या कामात गुंतलेला आहे: फ्लॅश चार्ज होतोय, कार्डावर लिहिणं चालू आहे, किंवा लांब एक्स्पोजरनंतरची, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेल्या फोटोनंतरची, सफाई चालू आहे. पडद्यावर किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये 'बिझी' किंवा 'जॉब एनआर' असं काही दिसतंय का, ते पाहा.

निरोप पोहोचला नाही, फोकस झाला नाही, कॅमेरा मोकळा नाही. आजवर मला आलेली जवळपास प्रत्येक तक्रार या तिन्हींपैकी एकीत बसली आहे. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी न करता लोक दुकानात जातात, दुकानदार नवा रिमोट देतो आणि दुखणं तसंच राहतं.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखता येतं. रिमोट एकाआड एक दाबालाच चालत असेल, म्हणजे पहिल्या दाबाला नुसता 'खट्' आवाज आणि दुसऱ्या दाबाला फोटो, तर मेन्यूत मिरर लॉकअप चालू राहिलं आहे. पहिला दाब आरसा वर उचलतो, दुसरा शटर पाडतो. ते बंद करा, दुखणं गेलं.

नऊ लावले, एकच आला

टायमरवर एकामागून एक फोटो घेण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. निकॉनच्या डी ५३०० सारख्या बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) मेन्यूतल्या कस्टम सेटिंगच्या सी३ मध्ये टायमर २, ५, १० किंवा २० सेकंदांचा ठेवता येतो आणि फोटोंची संख्या १ ते ९. दोन फोटोंमधलं अंतर या लहान बॉडींत आपल्या हातात नसतं, ते साधारण ४ सेकंदांचं असतं. डी ७२०० किंवा डी ७५० सारख्या मोठ्या बॉडींत हे अंतरही अर्ध्या सेकंदापासून ३ सेकंदांपर्यंत निवडता येतं. कॅननमध्ये, अगदी १५००डी सारख्या सुरुवातीच्या बॉडीतही, टायमरच्या चिन्हाशेजारी 'सी' असलेला पर्याय असतो. तो निवडून २ ते १० पैकी आकडा ठरवायचा. सोनीच्या बऱ्याच बॉडींत तीन किंवा पाच, एवढेच दोन पर्याय मिळतात.

आता आमच्या चौकात काय झालं ते. संध्याकाळ होती, मोड ऑटोवर होता, उजेड कमी पाहून फ्लॅश आपोआप वर आला. निकॉनच्या या लहान बॉडींचा, आणि माझी त्यांतलीच, नियम असा की टायमरवर असताना फ्लॅश पडला तर संख्या कितीही लावलेली असो, फोटो एकच निघतो. फ्लॅशला पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ही रचना चुकीची म्हणता येत नाही. कॅननमध्ये असं एकावर थांबत नाही, पण फ्लॅश असेल तर दोन फोटोंमधलं अंतर वाढतं. मग दुसऱ्या फोटोपर्यंत लोक मान वळवून एकमेकांशी बोलायला लागलेले असतात.

उपाय सोपा आहे. ऑटो सोडून 'पी' किंवा 'ए' मोडवर या, तिथे फ्लॅश आपोआप वर येत नाही. फ्लॅश हाताने खाली दाबा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ८०० किंवा १६०० करा. ट्रायपॉडमुळे कॅमेरा हलत नाही, पण माणसं हलतात, म्हणून शटरचा वेग १/६० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका. लहान मुलं असतील तर १/१२५ बरं. आणि शक्य तर फोटो औक्षणाच्या आधी, ऊन चौकातून सरकायच्या आत उरकून घ्या. बॉडीवरचा तो इवलासा फ्लॅश तीन रांगांतल्या मागच्या माणसांपर्यंत नीट पोहोचतही नाही.

त्याच वर्षी भाऊबीजेला आम्ही एकोणीस जण पुन्हा जमलो. सकाळी दहाला, फ्लॅश बंद, नऊ फोटो. चार सेकंदांचं अंतर मला आधी फार वाटलं होतं, पण तेच कामी आलं. पहिल्या दोन फोटोंत सगळे ताठ बसलेत, तिसऱ्यात कुणीतरी काहीतरी बोललं, सहाव्यात आजी मामांकडे पाहून हसते आहे आणि सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. तो सहावा फोटो वाड्यात ओटीवर लावला आहे. ग्रुप फोटोला कधीही कमी संख्या लावू नका, असं मी सांगते ते याच्यामुळे.

टायमर दर वेळी पुन्हा लावावा लागतो, अशीही तक्रार असते. कॅमेरा बंद केला की निकॉनच्या लहान बॉडी टायमर सोडून आधीच्या मोडवर परततात. त्यामुळे दोन फोटोंच्या मध्ये बॅटरी वाचवायला म्हणून कॅमेरा बंद करू नका. ज्या बॉडींवर यू१, यू२ किंवा सी१ सारख्या जागा आहेत, तिथे सगळी ग्रुप फोटोची मांडणी साठवून ठेवता येते.

फोकसने घातलेला घोळ

टायमरमध्ये फोकस कधी होतो, हे नीट लक्षात घ्या. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी होतो, फोटो निघताना नाही. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून, हात पुढे करून बटण दाबलं, तर फोकस तुमच्या पोटावर. उजेडाचा हिशेबही तुमच्या शर्टावरून. तुम्ही तिथून निघून जाता आणि मागची सगळी मंडळी धूसर येतात. बटण नेहमी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबायचं.

दुसरा घोळ असा की एकेरी ऑटोफोकसमध्ये कॅमेऱ्याला फोकस सापडला नाही तर तो शटर पाडतच नाही. टायमर सुरूच होत नाही, किंवा रिमोट दाबल्यावर कॅमेरा थोडा घरघरतो आणि गप्प होतो. मधला फोकस बिंदू दोन माणसांच्या मधल्या फटीवर, मागच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा देवघराच्या काळोखावर पडला की हे हमखास होतं. पहिल्या फोटोला तो बिंदू कुणाच्या तरी साडीच्या काठावर असतो म्हणून तो निघतो. मग माणूस जरा सरकतो आणि दुसरा निघत नाही.

मी आता एकच पद्धत वापरते. मधल्या रांगेतल्या एखाद्याच्या चेहऱ्यावर ऑटोफोकसने फोकस घ्यायचा आणि लगेच लेन्सची कळ 'एम' वर सरकवायची. फोकस तिथेच थिजतो. मग नऊ काढा की नव्वद, कॅमेरा शोधाशोध करत नाही. तीन रांगा असतील तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ च्या आसपास ठेवा. फक्त त्यानंतर झूमला आणि फोकसच्या कड्याला कुणाचा हात लागू देऊ नका. ज्यांना मागच्या बटणाने फोकस घ्यायची सवय आहे त्यांना कळ सरकवायचीही गरज नाही, कारण त्यांचं शटरचं बटण फोकसला हातच लावत नाही.

फोकसचा विषय नसला तरी इथेच सांगून टाकते. टायमर किंवा रिमोट वापरताना व्ह्यूफाइंडरला आपला डोळा लागलेला नसतो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, त्या उघड्या खिडकीतून मागचं ऊन आत शिरतं आणि उजेडाचा हिशेब चुकतो. फोटो काळवंडतात, तेही कमीजास्त, ऊन कसं पडतं त्यावर. कॅननच्या पट्ट्यालाच त्यासाठी एक रबरी झाकण असतं, निकॉनसाठी डीके-५ नावाचं वेगळं झाकण मिळतं. नसेल तर काळा रुमाल टाका. लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहत असाल किंवा कॅमेरा मिररलेस (आरसा नसलेला) असेल तर हा प्रश्नच येत नाही.

रिमोट सुरुवातीला चालतो, मग बंद पडतो

मावसभावाचा रिमोट का थांबला? निकॉनमध्ये इन्फ्रारेड रिमोटचा मोड लावला की कॅमेरा ठराविक वेळ वाट पाहतो आणि त्या वेळात काही आलं नाही तर मोड सोडून देतो. ही वेळ मुळात १ मिनिटाची असते. मेन्यूत 'रिमोट ऑन ड्युरेशन' नावाचं सेटिंग आहे, त्यात १, ५, १० आणि १५ मिनिटं असे पर्याय आहेत. पोरं गोळा करायला आम्हाला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच कारण. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच १५ वर टाकून ठेवा. बॅटरी थोडी जास्त जाईल, जाऊ द्या.

बाकी इन्फ्रारेडची गोष्ट घरच्या टीव्हीच्या रिमोटसारखीच. त्याला कॅमेऱ्यावरची इन्फ्रारेड झेलणारी खिडकी समोर दिसावी लागते. ती बहुतेक बॉडींवर पुढच्या बाजूला पकडीजवळ असते, म्हणून ग्रुपमध्ये बसून दाबायला हा रिमोट छान आणि कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबायला वाईट. निकॉनच्या एमएल-एल३ ची मजल साधारण ५ मीटर. भर दुपारच्या उन्हात ती आणखी घटते. मोठा लेन्स हूड आडवा आला, रिमोट साडीच्या पदराआड धरला, की संपलं. रिमोट जिवंत आहे का ते पाहायला तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून दाबा. टोकाचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट पांढरा चमकतो. चमकला नाही तर आतला बटण सेल बदला. एमएल-एल३ मध्ये सीआर२०२५ लागतो. त्याच्याऐवजी जाड सीआर२०३२ कोंबून झाकण तोडणारे मी पाहिले आहेत.

विकत घेण्याआधी आपल्या बॉडीला खिडकी आहे का, हे बघून घ्या. निकॉन डी ३४०० ला इन्फ्रारेड रिमोट चालतो, पुढच्या डी ३५०० ला नाही. कॅननच्या १३००डी आणि १५००डी ला इन्फ्रारेड नाही, पण वायरच्या रिमोटचं भोक आहे. त्यात आरएस-६०ई३ किंवा त्याच जातीचा २.५ मिलिमीटर पिनेचा रिमोट बसतो. कॅननच्या ५डी आणि ७डी घराण्याला मात्र तीन काड्यांची वेगळी पिन लागते, तिथे हा बसत नाही. दुकानात "कॅननला चालतो" एवढंच ऐकून घेऊ नका. बॉडी सोबत न्या, लावून, दोनदा दाबून पाहा.

वायरचा रिमोट मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. त्यात आहेच काय बिघडायला? एक सामाईक तार, एक फोकसची, एक शटरची. अर्धं दाबलं की पहिल्या दोन जुळतात, पूर्ण दाबलं की तिसरीही. तो मध्येच थांबत असेल तर आधी पिन पूर्ण आत गेली आहे का पाहा. भोकावरचं रबरी झाकण मध्ये येतं आणि पिन केसभर बाहेर राहते. फोकस होतो, शटर पडत नाही, ही त्याची खूण.

रात्र, तारे आणि तुटक रेघा

आता ज्यात मला सगळ्यांत जास्त वेळ गेला ते.

हरसूलच्या बाजूला एका मैत्रिणीचं शेत आहे. नाशिकच्या दिव्यांची तांबूस झाक तिथवर येत नाही. एका थंडीत अमावास्येच्या आसपास आम्ही तिथे ध्रुवताऱ्याभोवती ताऱ्यांची वर्तुळं टिपायला गेलो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २० अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरा: एक मूठ साधारण १० अंश. उत्तर क्षितिजावर दोन मुठी रचल्या की तिथे ध्रुव. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा तासभर फोटो घेतले की प्रत्येक तारा १५ अंशांची कमान काढतो. ३० सेकंदांचे शेकडो फोटो एकामागून एक घ्यायचे आणि घरी संगणकावर एकावर एक रचायचे, अशी पद्धत.

माझ्याकडे वायरचा टायमर रिमोट होता. त्यावर 'डिले' (सुरुवातीला किती थांबायचं), 'लाँग' (शटर किती वेळ उघडं), 'इंटरव्हल' (दोन फोटोंमधलं अंतर) आणि 'एन' (फोटोंची संख्या) असे चार आकडे लावायचे असतात. कॅमेऱ्यावर शटर ३० सेकंद ठेवलं, रिमोटवर इंटरव्हल ३१. एक सेकंदाची उसंत पुरे, असा हिशेब. शेकोटीशी बसलो. तासाभराने पाहिलं तर ११६ च्या आसपास अपेक्षित होते, आले होते ५८. घरी येऊन रचले तर कमानी अखंड नव्हत्या. धावदोऱ्यासारख्या होत्या: एक टाका, एक मोकळी जागा, एक टाका, तेवढीच मोकळी जागा.

त्या धावदोऱ्यातच उत्तर होतं, पण मला ते कळायला आठवडा लागला. कॅमेऱ्यावर '३०' लिहिलेलं शटर खरं तर ३२ सेकंद उघडं राहतं. शटरचे वेळ दुपटीने वाढतात: १, २, ४, ८, मग १६, मग ३२. आकडे गोल दिसावेत म्हणून तबकडीवर १५ आणि ३० छापतात. खात्री करायची असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजा. आता हिशेब पाहा. पहिला फोटो शून्याला सुरू झाला, ३२ ला संपणार. रिमोटने ३१ ला बटण दाबलं, तेव्हा शटर उघडंच होतं, कॅमेऱ्याने ते ऐकलंच नाही. पुढचा दाब ६२ ला, तो ऐकला. म्हणजे ३२ सेकंद फोटो, ३० सेकंद रिकामे. तासाचे ३६०० सेकंद, भागिले ६२, आले ५८. एका सेकंदाने अर्धे फोटो गेले.

म्हणून कॅमेऱ्यावर ३० असेल तर इंटरव्हल ३४ ठेवा. कार्ड जुनं, हळू असेल तर ३५. किंवा कॅमेरा 'बल्ब'वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं त्या सेटिंगवर, टाका आणि वेळ रिमोटच्या 'लाँग'मध्ये ३० ठेवा. तिथे ३० म्हणजे खरेच ३०. दोन्हीकडे वेळ लावायचा घोटाळा मात्र करू नका, एकाचा दुसऱ्याच्या पायात पाय येतो. आणखी एक खोच अशी की काही रिमोट इंटरव्हल एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, काही पहिला संपल्यापासून. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. घरी दिवाणखान्यात बसून पाच सेकंदांचं एक्स्पोजर, सातचा इंटरव्हल, दहा फोटो असं लावा आणि स्टॉपवॉच सुरू करा. ७० सेकंदांच्या आसपास आटोपलं तर तो सुरुवातीपासून मोजतो, दोन मिनिटं लागली तर शेवटापासून. एकदा कळलं की रिमोटच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा.

याहून सोपा उपाय म्हणजे टायमर विसरून जाणं. साधा वायरचा रिमोट घ्या, कॅमेरा कंटिन्युअस मोडवर, शटर ३० वर, आणि रिमोटचं बटण दाबून पुढे सरकवून अडकवून टाका. एक फोटो संपला की कॅमेरा लगेच दुसरा सुरू करतो. मधली फट नगण्य. काही निकॉन बॉडी मात्र एका दमात १०० फोटोंवर थांबतात. ३२ सेकंदांच्या हिशेबाने ते ५३ मिनिटांनी होतं. तेव्हा पन्नासाव्या मिनिटाला उठून बटण सोडा आणि पुन्हा अडकवा.

आणि आता रात्रीचा सर्वांत मोठा गुन्हेगार. मेन्यूत 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' असतं. ते चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक लांब फोटोनंतर शटर मिटून तेवढ्याच वेळाचा आणखी एक काळा फोटो घेतो आणि त्यातले चमकते ठिपके पहिल्यातून वजा करतो. हेतू चांगला, पण ३२ सेकंदांच्या फोटोनंतर आणखी ३२ सेकंद कॅमेरा कुणाचंच ऐकत नाही. इंटरव्हल ३४ असो की ४०, अर्धे फोटो जाणारच. तुटक रेघा घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी हेच विचारते. ते बंद करा. ठिपक्यांची काळजी असेल तर सगळं आटोपल्यावर लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगवर एक-दोन काळे फोटो घ्या आणि वजाबाकी संगणकावर करा.

अंधारात ऑटोफोकस चालत नाही हे आता सांगायला नको. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा पडद्यावर पूर्ण मोठा करून, फोकसचं कडं हाताने फिरवत तो ठिपक्याएवढा बारीक करा आणि फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी लावा. थंडीत निफाड, दिंडोरीकडे पहाटे दव इतकं पडतं की लेन्सची काच वाफ धरल्यासारखी धूसर होते. तेव्हा फोटो येत राहतात, पण उपयोगाचे नसतात. दर अर्ध्या तासाने टॉर्चचा उजेड लेन्सकडे न मारता, बाजूने टाकून काच पाहा.

या इंटरव्हलच्या खटाटोपात मला नेहमी दादासाहेब फाळके आठवतात. त्र्यंबकचे ते, आपले. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी त्यांनी वाटाण्याचा कोंब फुटून रोप वाढण्याचं चित्रण थांबूनथांबून, एकेक चौकट घेत केलं आणि ते दाखवून भांडवल मिळवलं. रिमोट नाही, टायमर नाही. वेळेचा हिशेब सगळा स्वतः ठेवायचा.

कॅमेरा थरथरतो म्हणून

नुसती थरथर टाळायला रिमोट वापरत असाल आणि तो घरी राहिला असेल, तर २ सेकंदांचा टायमर पुरतो. कॅननमध्ये मिरर लॉकअपसोबत २ सेकंदांचा टायमर लावला की एकाच दाबात आरसा वर जातो, दोन सेकंदांत कंप शमतो आणि शटर पडतं. तीन वेगवेगळ्या उजेडांचे फोटो हवे असतील, म्हणजे सकाळी रामकुंडावर पायऱ्या सावलीत आणि आकाश लख्ख अशी वेळ असेल, तर कॅननमध्ये ब्रॅकेटिंग आणि हाच टायमर एकत्र लावा, तिन्ही एका दाबात येतात. निकॉनमध्ये एकेरी शॉटवर ब्रॅकेटिंग ठेवलं तर तीनदा दाबावं लागतं. "एकच आला" ही तक्रार इथेही त्याचमुळे येते. ट्रायपॉडवर लेन्समधलं कंपनविरोधी बटण बंद करायला विसरू नका.

घरी परतल्यावर बॅग ठेवण्याआधी फोकसची कळ 'ए' वर, मोड एकेरी शॉटवर, व्ह्यूफाइंडरचं झाकण काढून पट्ट्याला, आणि रिमोट बरेच दिवस लागणार नसेल तर त्याचा सेल बाहेर. लेन्स बिघडली म्हणून आलेल्या फोनपैकी निम्म्यांत आदल्या रात्रीची कळ 'एम' वरच राहिलेली असते.